पाचवी प्रत

सेतुबालला तेव्हा सगळ्यालाच सार्डीनचा वास यायचा,
पावाला, उशीला, प्रार्थनेच्या पुस्तकाला.
या बाडालाही येतो अजून.
वरचं वेष्टन खारवलेल्या माशांच्या पाककृतींचं,
आत वेगळंच काही शिजतंय.

फेलिस्मिना डबेबंद माशांच्या कारखान्यात टंकलेखिका.
जेवणाच्या सुट्टीत, मालकाच्याच यंत्रावर
तिनं बंदी घातलेली अख्खी कादंबरी उतरवली,
एका वेळी पाच कागद, मध्ये चार कार्बन.
पहिली प्रत कुणा वकिलाकडे गेली.
दुसरी तुरुंगात, पावात घालून, असं म्हणतात.
तिसरी-चौथीचं ठाऊक नाही.
पाचवी इदालिनाबाईंकडे,
फरशा रंगवायच्या शेडमध्ये, मातीच्या गोणीखाली.
मी तिथं ब्रश धुवायचो. सतरा वर्षांचा.

त्या यंत्राचा ‘ओ’ कागदाला भोक पाडायचा
आणि ‘आ’च्या पोटात शाई साकळलेली.
पाचव्या कागदापर्यंत दोघांचा एकच डाग.
आणि आमच्या भाषेत त्या शेवटच्या अक्षरावरच तर ठरतं,
मित्र की मैत्रीण,
दमलेला की दमलेली,
धक्क्यावर कोण कुणाची वाट बघत बसलंय.

पान एकशे बारा.
दोन माणसं एकाच जाळ्याला गाठी मारतायत.
बोटांना बोटं लागतात.
कुणी हात मागे घेत नाही.

मी विचारलं, बाई, हे दोघे आहेत की दोघी?
त्यांच्या दातांत ब्रश.
"तुला काय दिसतं?"
माझे कान तापले.
"मला दोघी दिसतात," त्या म्हणाल्या.
"फेलिस्मिनानं कुठली कळ दाबली होती
ते मी तिला तीन वर्षांत विचारलेलं नाही.
रोज एका ताटात सूप पितो तरी."

त्या रात्री पेन्सिलीला टोक करून
मी एकेका डागावर ‘ओ’ गिरवला.
आधी तेवढं एक पान, मग पुढचं,
मग उजाडलंच.
जासिंतुला वाचायला दिलं.
त्यानं काहीही न खोडता परत केलं.

त्याच हिवाळ्यात कोळ्यांच्या सभागृहाची भिंत मिळाली,
दोनशे चाळीस फरशा.
चित्राचा कच्चा आराखडा लिस्बनहून परत आला तो
निळ्या पेन्सिलीची रेघ घेऊनच:
जाळं विणणाऱ्या दोन बायका, त्यांच्या मधोमध,
खांद्यापासून कमरेपर्यंत.
शेजारी शेरा, अंतर ठेवावे.

बाईंनी अंतर ठेवलं. एका फरशीचं, मोजून.
मग आराखड्यावर सुईनं भोकं पाडताना
साहेबाच्या रेघेवरूनही सुई नेली,
कोळशाची पूड झटकली आणि तीही उतरवली.
तपासनीस आला, भट्टीच्या आधी.
कच्चा कोबाल्ट राखाडी असतो, मळक्या पाण्यासारखा.
तो अंतर बघून खूश झाला, मासे घेऊन गेला.

भट्टी उघडली तेव्हा रेघ निळीशार,
एकीच्या मुठीतून दुसरीच्या मुठीत गेलेला
जाळ्याचा धागा.
फेलिस्मिना बराच वेळ बघत होती.
मग म्हणाली, गाठ सैल पडलीय.
बाई हसता हसता खोकायला लागल्या.

जासिंतु गिनीच्या लढाईवर गेला.
त्याची पत्रं यायची, निम्म्याहून जास्त निळी.
मी उरलेल्या शब्दांपेक्षा
खोडलेल्याची लांबी मोजायचो,
एवढ्या जागेत काय काय मावू शकतं.
परत आला तो बोलायचा कमी.
बेजाकडे लग्न केलं. मुलगी आहे, वाटतं.

आता मी ठसे छापतो, लाकडावर कोरून.
विद्यार्थी विचारतात, एवढं रिकामं का सोडता?
मी त्यांना पान एकशे बारा दाखवतो,
पेन्सिलीवर बोट ठेवून.

ती कादंबरी आता दुकानात मिळते,
बांधीव, काचेत मांडलेली.
खरं अक्षर कुठलं, ते लगेच कळेल.
विकत घेऊन ठेवलीय.
तसे त्यात पानांचे आकडे वेगळे असणार.